आजी आयर्लंडची, पण आईने पासपोर्ट काढलाच नाही

आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली, पण आईने कधी आयरिश पासपोर्ट काढला नाही, म्हणून नातवाचा आयरिश नागरिकत्वाचा हक्क जातो का, असं एकाने विचारलंय. नाही जात. आई जन्मानेच आयरिश नागरिक, पासपोर्ट असो वा नसो. आजीचा जन्म बेलफास्टचा, म्हणजे ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडमधला असला तरी चालतं, कारण आयर्लंडचं अख्खं बेट धरतात.

तुम्हाला मात्र परदेशी जन्म नोंदवहीत (Foreign Births Register, आयर्लंडबाहेर जन्मलेल्या वंशजांची सरकारी नोंद) नाव घालावं लागेल. आजी, आई आणि तुम्ही, तिघांचे मूळ जन्मदाखले, शिवाय लग्नानंतर आडनावं बदलली असतील तर विवाहदाखले. खरा घोळ इथेच होतो.

आणि मुलं व्हायची असतील तर आधी नोंदणी उरका! नागरिकत्व नोंदणीच्या तारखेपासून लागू होतं, जन्मापासून नाही. त्याआधी जन्मलेल्या मुलाला तुमच्यामार्फत ते मिळत नाही.