खुराडं रोज धुतो, तरी वास आणि मरतूक थांबेना

परतलेला_चाकरमानी
नमस्कार मंडळी. नोकरी सोडून लांज्याजवळ गावी आलो, परसात गावठी आणि गिरिराज (सुधारित जातीच्या) कोंबड्या मिळून १७ पक्षी केले. आता १३ उरलेत. खुराडं ६ बाय ८ फूट, खाली कोबा, वर पत्रा, पुढे षटकोनी जाळी. रोज सकाळी पाइप लावून फिनेलने कोबा धुतो, मग तूस पसरतो. तरी श्रावण लागल्यापासून वास हटत नाही. गेल्या आठवड्यात ५ आठवड्यांची तीन पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसली. शिटेत रक्त होतं. दोन दिवसांत गेली. परवा रात्री मुंगसाने एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) मारली. धड आत, मुंडकं गायब. जाळी मात्र शाबूत. अजून किती स्वच्छता ठेवायची?

माडाखालची
दादा, स्वच्छता जास्त होतेय तुमची! आधी तो पाइप गुंडाळून ठेवा.

पावसात कोबा सुकतो कधी? ओल्यावर तूस टाकलंत की ते खालून भिजतं, वरून कोरडं दिसतं. रक्ती हगवणीला हेच हवं असतं. तिच्या जंतूंची शिटेतली अंडी ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत तयार होतात, पिल्लं तीच टिपतात. फिनेलने त्यांना काही होत नाही.

कोरडं तूस चार बोटं जाड घाला आणि रोज दाताळ्याने खालीवर करा. मूठभर घेऊन दाबा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, तेवढं काढून नवं घाला. मुठीतून भुरभुर सुटलं पाहिजे. ओल वाटेल तिथे विरलेल्या चुन्याची पूड मिसळा, पण पक्षी बाहेर असताना. आणि वास उभ्याने घेऊ नका. उकिडवे बसा, कोंबडीच्या उंचीला नाक न्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिचे रात्रभर चुरचुरतात.

बसायच्या दांडीखाली जुनी फळी ठेवा. रात्रीची शीट तिच्यावरच पडते, सकाळी खरवडून खतखड्ड्यात. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, नाहीतर उकरून सगळं तूस भिजवतात. (आमच्या सासूबाई भांड्याभोवतीचं तूस दिवसातून दोनदा पायाने चाचपायच्या. तेव्हा हसू यायचं.) पुढून झावळ्यांची झड बांधा, वर वीतभर हवेला जागा सोडून.

आणि ते मुंगूस नव्हे. मुंगूस दिवसा फिरतं. रात्री जाळीतून पंजा घालून मुंडकं ओढणारं रानमांजर किंवा उदमांजर असणार. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी मारा, बाहेरच्या अंगाला फूटभर जमिनीत पुरा. दांडी जाळीपासून हातभर आत घ्या.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
ताईंचं बरोबर. फक्त पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं की झाडपाल्यात दिवस घालवू नका. शीट घेऊन दवाखान्यात जा. अ‍ॅम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, मात्रा तिथेच विचारा.

लसी झाल्यात का? मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात परत, मग आठव्याच्या सुमारास त्याच रोगाची आर-टू-बी लस. लस बर्फातूनच आणा, आणि निरोगी पक्ष्यांनाच द्या.

मेलेली पिल्लं कुठे टाकलीत? ओढ्यात नको. खोल खड्डा, वर चुना. एकदम बरेच पक्षी मेले तर हात न लावता लगेच दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते. हल्ली नवीन पक्षी आणलेत का?

परतलेला_चाकरमानी
आणलेत. आठवडी बाजारातून चार, त्याच संध्याकाळी आत सोडले. मेलेली तिन्ही त्यातलीच. ओढ्याचंही खरं आहे, लाज वाटते. लस एकही नाही.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
यापुढे नव्यांना तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, दूर ठेवा. आधी जुन्यांना दाणा-पाणी, मग त्यांना. उलट नको.

परतलेला_चाकरमानी
उकिडवा बसून पाहिलं ताई. डोळ्यांतून पाणीच आलं. सगळं तूस काढलं, वेल्ड जाळी उद्या आणतो. एकच अडचण, कोपऱ्यात एक खुडूक नऊ अंड्यांवर बसलीय, ती हलू देत नाही.

माडाखालची
अंधार पडल्यावर हलवा, अंड्यांसकट, कोरड्या टोपलीत. दिवसा हात घातलात तर चोच खाल.