सम्राटाच्या भाषणावर उभं राहिलेलं मुक्तिगीत

अर्धा_सूर:
जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली याचं १९७६ चं 'वॉर' हे गाणं म्हणजे जवळजवळ जसंच्या तसं एक भाषण आहे. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेलं. एक वंश वरचा, दुसरा खालचा हा विचार गाडला जात नाही तोवर युद्ध चालूच राहणार, असा आशय. अंगावर काटा येतो, कबूल. पण याच सम्राटांनी आदल्याच वर्षी एरिट्रिया गिळंकृत केला होता. १९७३ मध्ये वोलो प्रांतात माणसं भुकेने मरत होती आणि दरबार बातमी दाबत होता. १९७४ मध्ये त्यांना गादीवरून खेचलं गेलं. गाणं आलं त्यानंतर! आणि मार्लीचा रास्ताफारी पंथ याच सेलासींना देव मानतो. रेगेतलं स्वातंत्र्य म्हणजे राजा बदलला, मुजरा तसाच.

डबवाला:
अहो, जरा जमैकात उभं राहून बघा. तिथल्या काळ्या गरिबाने पिढ्यान्पिढ्या राजा पाहिला तो गोराच. मुसोलिनीच्या फौजांविरुद्ध लढलेला काळा सम्राट देव मानणं हेच तिथे बंड होतं, आणि ते स्वस्तात पडलं नाही. देश ऑगस्ट १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स इथल्या हिंसक चकमकीनंतर पोलिसांनी रास्ताफारींची धरपकड केली, झोडपलं, जटा कापल्या. सरकारची माफी आली २०१७ मध्ये. रेगे गाण्यांतलं 'बॅबिलॉन', म्हणजे जुलमी सत्ता, हे असं जवळचं आहे, गल्लीतल्या पोलीस चौकीइतकं.

अर्धा_सूर:
चौकी मान्य. पण झिम्बाब्वेचं काय? एप्रिल १९८० मध्ये स्वातंत्र्यसोहळ्यात मार्ली गायला. पुढे तिथले पंतप्रधान मुगाबे यांच्या फौजेने माटाबेलेलँड भागात हजारो नागरिक मारले, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

डबवाला:
मार्लीचं 'झिम्बाब्वे' हे गाणं नीट ऐकलंत का? खरा क्रांतिकारक कोण ते लवकरच कळेल, असं त्यातच म्हटलंय. १९७९ मध्ये! आणि त्या सोहळ्यात मैदानाबाहेरच्या गर्दीवर अश्रुधूर सोडला गेला होता.

रविवारची_चकली:
तुम्ही दोघं मार्लीवरच का अडकलात? टी-शर्टवर छापून छापून त्याचा पार गुळगुळीत गोटा झालाय. मार्लीचा जुना साथीदार पीटर टॉश याचं 'इक्वल राइट्स' (समान हक्क) लावा. जो तो शांतता मागतो, न्याय कुणीच मागत नाही, हे तो १९७७ मध्ये म्हणाला. पुढच्या एप्रिलमध्ये किंग्स्टनच्या शांतता मैफलीत मार्लीने पंतप्रधान मॅनली आणि विरोधी नेते सिआगा यांचे हात एकमेकांत गुंफले. तो फोटो जगभर गाजला. त्याच मंचावरून टॉशने पुढाऱ्यांना फैलावर घेतलं होतं, आणि काही महिन्यांत पोलिसांनी त्याला बेदम मारलं. त्याचा फोटो कोण लावतं भिंतीवर?

अर्धा_सूर:
टॉशही रास्ताफारीच होता हो. सेलासी त्यालाही देव.

रविवारची_चकली:
होताच. म्हणून पंतप्रधानांना सुनावताना जीभ अडखळली का?

अर्धा_सूर:
पंतप्रधानांना सुनावलं. सम्राटाला कुणी सुनावलं, तेवढं सांगा.