पॅरामेडिकची नोकरी सोडून हवाई रुग्णवाहिकेवर वैमानिक व्हावे का?

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी नॉरिच येथे रुग्णवाहिका सेवेत गेली सहा वर्षे पॅरामेडिक म्हणून काम करते. माझे वय २९ आहे. गेल्या नोव्हेंबरात ए-४७ रस्त्यावर झालेल्या एका अपघातासाठी हवाई रुग्णवाहिका बोलावली गेली आणि ती रस्त्यालगतच्या बीटच्या शेतात उतरली. डॉक्टर आणि त्यांचे सहकारी चिखल तुडवत आमच्याकडे धावत आले, मी त्यांना रुग्णाची माहिती दिली आणि माझे काम तेवढ्यापुरते संपले. तेव्हा माझे लक्ष वैमानिकाकडे गेले. तो हेलिकॉप्टरभोवती सावकाश एक फेरी मारून कुंपणाकडे गेला, तिथल्या खांबांच्या रांगेकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिला आणि मग आकाशाकडे पाहू लागला. त्या दिवसापासून आपण त्या जागी असावे असे मला तीव्रतेने वाटते आहे.

आमच्या केंद्रावर कुणी म्हणते की वैद्यकीय पार्श्वभूमी असलेल्यांना तिथे लवकर प्रवेश मिळतो, तर कुणी म्हणते की आता उशीर झाला. सांगलीला आईबाबांशी बोलले, तर हातची चांगली नोकरी सोडू नकोस एवढेच त्यांचे म्हणणे आहे. या क्षेत्राची प्रत्यक्ष माहिती असलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नॉरिचहून, आपली एक सभासद

---

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण तुम्ही ज्या वाटेविषयी विचारता आहात ती मी स्वतः चालून आलो आहे. मिरजेला परिचारकाचे शिक्षण घेतले, इंग्लंडात अपघात विभागात अकरा वर्षे काढली आणि वयाच्या ३४व्या वर्षी उड्डाण शिकायला सुरुवात केली. आज नऊ वर्षे मी हवाई रुग्णवाहिकेवर वैमानिक आहे.

वैद्यकीय अनुभवामुळे वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारा एक ताससुद्धा कमी होत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. हेलिकॉप्टरच्या खासगी परवान्याला किमान ४५ तासांचे उड्डाण लागते. टप्प्याटप्प्याने शिकणाऱ्याला व्यावसायिक परवान्याचा अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी १५५ तास पूर्ण करावे लागतात आणि तो संपेपर्यंत हा आकडा १८५ वर जातो. डझनभर विषयांच्या लेखी परीक्षा वेगळ्या. त्यांतला मानवी क्षमता आणि मर्यादांचा विषय तेवढा तुम्हाला घरचा वाटेल. प्राणवायूची कमतरता, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका, ढगात शिरल्यावर त्या नलिका मेंदूला कशा फसवतात, हे सारे तुम्ही आधीच शिकलेल्या आहात. हवामानशास्त्र आणि उड्डाणतत्त्वे मात्र मला शून्यापासून शिकावी लागली.

परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळाली, असेही नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार या सेवेत हेलिकॉप्टरची कमान सांभाळणाऱ्याला साधारणपणे १००० तास कमांडर म्हणून उडवल्याचा अनुभव लागतो आणि त्यांतले ५०० तास हेलिकॉप्टरवरचे असावे लागतात. याखेरीज अशाच स्वरूपाच्या कामगिरीचा अनुभव निराळा. या सेवेतच सहवैमानिक म्हणून तास जमवण्याचीही तरतूद आहे आणि लंडनसारख्या ठिकाणी दोन वैमानिक उडतात, पण अशा जागा थोड्या असतात. म्हणूनच या देशातले माझे बरेचसे सहकारी लष्करातून आलेले आहेत. युवराज विल्यम यांनी २०१५ ते २०१७ या काळात ईस्ट अँग्लियन एअर ॲम्ब्युलन्सवर काम केले, तेव्हा त्यांच्याही पाठीशी हवाई दलातल्या शोध आणि बचाव उड्डाणांचा अनुभव होता. लष्कराबाहेरच्यांपैकी काही जण ॲबर्डीनहून उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करतात, तर काही जण प्रशिक्षक होऊन तास साठवतात. मी प्रशिक्षक झालो. शिकणे, शिकवणे आणि मिळेल ती उड्डाणे करणे यांत आठ वर्षे गेली. या वाटेचा खर्च बहुतेक वेळा स्वतःच्याच खिशातून करावा लागतो आणि मी शिकण्यासाठी काढलेले कर्ज फेडताना घरच्यांनी ज्या ओढगस्तीत दिवस काढले, त्याची जाणीव मला अजून आहे. तुम्ही विवाहित असाल किंवा आईवडिलांना पैसे पाठवत असाल, तर हा हिशेब आधी कागदावर मांडा.

त्याहीआधी क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगदृष्टीतला किंवा हृदयाच्या आलेखातला एखादा दोष पहिला हप्ता भरण्यापूर्वी कळलेला बरा. तुमच्या वयाला ती दरवर्षी करावी लागते. चाळिशीनंतर एकट्याने प्रवासी वाहतुकीचे उड्डाण करणाऱ्याला दर सहा महिन्यांनी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या तळावर अशी पद्धत आहे की, बोलावणे आले म्हणजे नियंत्रण कक्षाने वैमानिकाला फक्त ठिकाण सांगायचे. रुग्ण कोण, वय किती, काय झाले, हे त्याला सांगायचे नाही. जायचे की नाही हे त्याने हवामान, इंधन आणि उतरण्याची जागा पाहूनच ठरवावे, हा त्यामागचा हेतू आहे. अमेरिकेतही अनेक सेवांमध्ये हीच पद्धत आहे, कारण रुग्णाची दया येऊन घेतलेल्या निर्णयांची किंमत तिथल्या पथकांनी प्राणांनी मोजलेली आहे. लष्करातून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना ही शिस्त सहज जमते. मला ती जमायला फार वेळ लागला.

चार वर्षांपूर्वीची जानेवारीतली एक संध्याकाळ सांगतो. मधले दार उघडे राहिले होते आणि पलीकडचे शब्द माझ्या कानावर पडले : तीन वर्षांचा मुलगा, तळ्यात पडला. त्या क्षणी माझ्यातला परिचारक जागा झाला. पाणी किती थंड असेल, किती मिनिटे गेली असतील, छातीवर दाब द्यायला कुणी सुरुवात केली असेल का, असे प्रश्न एकापाठोपाठ एक येत गेले आणि संगणकाचा पडदा पाहण्याआधीच मी ‘निघूया’ म्हणून बसलो. रात्री एका वैमानिकाच्या उड्डाणाला ढगांचा पाया किमान १२०० फुटांवर आणि दृश्यमानता ३००० मीटर लागते. पडद्यावर १४०० फूट आणि ४००० मीटर होते, म्हणजे कागदावर उड्डाण बसत होते. माझ्यासोबत असलेल्या सहकारी पॅरामेडिकने काही न बोलता पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. तापमान ३ अंश होते, दवबिंदू २ अंश होता आणि वारा पडलेला होता. फेन्सच्या सखल, कालव्यांनी भरलेल्या मुलखात सूर्यास्तानंतर हे आकडे असे जवळ येऊ लागले की धुके जमिनीतून उगवल्यासारखे वर येते, हे मी स्वतः कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवले होते. मी नकार दिला. पथक गाडीने रवाना झाले. वीस मिनिटांनी मी खिडकीशी गेलो, तेव्हा कुंपणापलीकडचे दिवे दिसत नव्हते. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला ठाऊक आहे, पण ते मी इथे लिहीत नाही, कारण त्या निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही.

तुमचा आजवरचा अनुभव वाया जाईल, असा याचा अर्थ नाही. जागेवर रुग्णाला भूल देऊन कृत्रिम श्वासावर घ्यायला किती वेळ लागतो हे मला न विचारता समजते, त्यामुळे परतीच्या इंधनाचा आणि बदलत्या हवेचा हिशेब मी तिथेच उभा राहून पुन्हा करत असतो. रुग्णाला आत घेताना कुणाच्या हातात कोणती नळी आहे, हे मला दिसते. पण हे सारे जमिनीवरचे झाले. बीटच्या त्या शेतात तो वैमानिक खांबांकडे पाहत होता, कारण विजेच्या तारा डोळ्यांना दिसत नाहीत. खांब दिसले की त्यांच्यामधली तार मनाने ओढायची असते. दिवसा उतरायला हेलिकॉप्टरच्या एकूण लांबीच्या किमान दुप्पट मोकळी जागा लागते, रात्री त्या जागेची लांबी चौपट लागते. उतरताना त्याने हे सारे एकदा तपासलेले होते आणि उडण्यापूर्वी तो पुन्हा तपासत होता.

एक मधली वाट सुचवतो. एका वैमानिकाच्या उड्डाणात त्याच्या डावीकडे बसणारा पॅरामेडिक हा टेक्निकल क्रू मेंबर असतो. नकाशा, रेडिओ, अडथळ्यांवर नजर, यादी वाचून दाखवणे ही कामे तो करतो आणि उतरल्यावर रुग्णाकडे जातो. तुमच्या पात्रतेला हे काम सर्वांत जवळचे आहे. दोन वर्षे त्या आसनावर बसा आणि उजवीकडचे आसन तरीही हवेसे वाटते का, ते पाहा.

पीटरबरोहून, आपला एक सभासद

---

नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि हवाई रुग्णवाहिकेच्या पथकात डॉक्टर म्हणून काम केलेले आहे. वरच्या पत्रातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींशी मी सहमत आहे. एका गोष्टीवर मात्र थोडा अधिक भर द्यावासा वाटतो. रुग्णाची माहिती वैमानिकापासून उड्डाणापूर्वी लपवता येते, परतीच्या वाटेवर लपवता येत नाही. आमच्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक आणि रुग्ण यांच्यामध्ये भिंत नव्हती. इंटरकॉमवरून वैमानिकाला वेगळे काढण्याची सोय असते आणि कठीण प्रसंगी आम्ही ती वापरत असू, पण मागे चाललेली धावपळ त्याला जाणवायची ती जाणवतेच. रक्तदाब कोसळतो आहे हे तुम्हाला आवाजावरून कळेल आणि तरीही तुमचे डोळे बाहेरच राहिले पाहिजेत. हे आपल्याला वर्षानुवर्षे करता येईल का, याचे उत्तर ताईंनी प्रामाणिकपणे शोधावे. हात रुग्णाकडेच ओढ घेत असतील, तर पथकातली पॅरामेडिकची जागा आहे, तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवर दोरावरून खाली उतरणाऱ्या पॅरामेडिकची जागा आहे, आणि या दोन्ही जागा कुठल्याही अर्थाने कमी प्रतीच्या नाहीत.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. पॅरामेडिक म्हणून असलेली तुमची नोंदणी सोडून देऊ नका. कामापासून दोन ते पाच वर्षे दूर राहिल्यास परतताना ३० दिवसांचे आणि पाच वर्षांहून अधिक काळ दूर राहिल्यास ६० दिवसांचे अद्ययावतीकरण दाखवावे लागते. उड्डाण शिकत असतानाही अधूनमधून पाळ्या करत राहा, पण रात्रपाळी आणि दुसऱ्या दिवशीचे उड्डाण यांची सांगड घालू नका. रुग्णालयातली थकवा रेटून नेण्याची जी सवय आपल्याला लागलेली असते, ती कॉकपिटमध्ये घातक ठरते.

केंब्रिजहून, आपली एक सभासद

---

आदरणीय काका आणि डॉक्टर ताई,

आपण दोघांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काकांचे पत्र मी आईबाबांना फोनवर वाचून दाखवले. जानेवारीतल्या त्या संध्याकाळचा परिच्छेद संपल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत आणि मग त्यांनी फक्त तपासणीची तारीख विचारली. ती पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला आहे. टेक्निकल क्रू मेंबरच्या जागेसाठी भरती निघाली की अर्ज करायचा आणि त्या आसनावर दोन वर्षे काढल्याशिवाय उड्डाण प्रशिक्षणाचे पैसे भरायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. डॉक्टर ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आज माझ्याकडे नाही आणि ते घाईने द्यायचेही नाही.

काल रात्रपाळी संपवून डेरहॅमच्या रस्त्याने परतत असताना उजाडू लागले होते. शेताच्या बांधावरचे खांब मी मोजत आले. त्यांच्यामधल्या तारा खरोखरच दिसत नाहीत.

नॉरिचहून, आपली सभासद