चेहरा तेलकट, मुरुम थांबत नाहीत. माझं नक्की काय चुकतंय?

चकाकी:

मंडळी, वय २९. शाळेत सगळ्यांना मुरुम आले तेव्हा मलाही आले. विशीत जातील असं घरचे म्हणायचे. विशी संपत आली, मुरुम मुक्कामालाच आहेत. म्हणून हा धागा काढतेय.

सकाळी तोंड धुऊन निघते आणि दुपार व्हायच्या आत कपाळ आणि नाक असं चकाकायला लागतं की टिपकागद टेकवला तर आरपार दिसावं. (आयडी त्यावरूनच घेतलाय.) गाल त्यामानाने बरे, उलट नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात. कपाळावर बारीक पुटकुळ्यांचं पुरळ. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मात्र खोल, मोठे फोड. त्यांना तोंडच येत नाही, नुसते आठवडाभर ठणकतात आणि जाताना तपकिरी डाग ठेवून जातात.

आता कबुलीजबाब. दिवसातून पाच वेळा फेसवॉश. वरून अल्कोहोलवालं टोनर, कारण त्यानंतर चेहरा 'स्वच्छ' वाटतो. आठवड्यातून तीनदा दाणेदार स्क्रब. सॅलिसिलिक अ‍ॅसिड, नायासिनामाइड, व्हिटॅमिन सी आणि कोळशाचा एक मास्क, सगळं आलटून पालटून. एखादी बाटली दहा-पंधरा दिवस वापरते, फरक दिसला नाही की पुढची. मॉइश्चरायझर लावत नाही, आधीच तेल थोडं आहे का? सनस्क्रीनही नाही, चिकट होतं.

तेल कमी कसं करायचं, डाग कसे घालवायचे आणि हे डॉक्टरकडे जाण्याइतकं आहे का, एवढंच विचारायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं. "पाणी भरपूर पी" हा सल्ला देणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद, पिते.

रिकामटेकडा:

फोडावर रात्री टूथपेस्ट लाव. सकाळी बसलेला असतो. कॉलेजपासून हेच करतोय.

अर्धविराम:

रिकामटेकडा, बसलेला नसतो रे, भाजलेला असतो. टूथपेस्ट दातांसाठी बनवतात. त्यातला पुदिन्याचा अर्क आणि फेस आणणारं रसायन कातडी चुरचुरवतं. तुझा फोड सुकला असेल, पण सगळ्यांचा तसाच सुकतो असं नाही. काहींना त्या जागी फोडापेक्षा जास्त टिकणारा काळा डाग पडतो.

चकाकी, मी डॉक्टर नाही, बारा वर्षं मुरुमांची रुग्ण आहे. त्या हिशेबाने वाच.

आधी तेलाचं. किती तेल बनवायचं हे त्वचेतल्या तैलग्रंथी ठरवतात आणि त्यांना हुकूम असतो अ‍ॅण्ड्रोजेन हार्मोनचा. चेहरा पाच वेळा धुतलास तर पृष्ठभागावरचं तेल जाईल, ग्रंथीला त्याचा पत्ताही लागणार नाही. "जास्त धुतलं की त्वचा चिडून जास्त तेल सोडते" असंही सगळीकडे वाचायला मिळतं, पण त्याला फारसा आधार मला कधी सापडला नाही. जास्त धुण्याचा तोटा वेगळा आहे. त्वचेचा वरचा थर फाटतो, आग होते, पापुद्रे सुटतात, आणि मग मुरुमांवर जे औषध खरंच चालतं ते सहनच होत नाही. तुझ्या नाकाच्या कडेचे पापुद्रे मला तरी त्यातलेच वाटतात. त्वचा किंचित आम्ल असते, पीएच साधारण पाचच्या आसपास. साध्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा असतो. म्हणून सौम्य फेसवॉश, सकाळी एकदा, रात्री एकदा, घाम आला तर अजून एकदा. बस. टोनर आणि स्क्रब आजच बंद. स्क्रबने ब्लॅकहेड निघत नाही. तो काळा दिसतो तो मळामुळे नाही, छिद्रात अडकलेल्या पदार्थाचा हवेशी संबंध येऊन रंग बदलतो म्हणून. आणि नाकावरचे ते करडे ठिपके, जे दाबून काढलेस तरी महिन्याभरात परत हजर होतात, ते बहुतेक ब्लॅकहेडही नसतात. छिद्रातला नेहमीचा तेलाचा धागा असतो तो. सगळ्यांना असतो. त्यांचा नाद सोड.

आता तुझी खरी चूक: पंधरा दिवस. आज दिसणारा फोड आज सुरू झालेला नसतो. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत तेल साठतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो, मग सूज. डोळ्याला दिसायच्या आधी यात कित्येक आठवडे गेलेले असतात. म्हणजे आज लावलेलं औषध पुढच्या महिन्यातले फोड अडवतं, आजचे नाही. कुठल्याही मुरुमाच्या औषधाला आठ ते बारा आठवडे द्यायचे. तू प्रत्येकाला पंधरा दिवसांत नापास केलंयस, परीक्षा व्हायच्या आधीच.

पानगळ:

अर्धविरामला अनुमोदन, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला. मी औषधांच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे मला आधी चारपाच गोष्टी विचारायच्यात. कपाळावरच्या पुटकुळ्या खाजतात का? सगळ्या एकाच आकाराच्या आहेत का? छातीवर, पाठीवरही आहेत? कधीपासून? पाळी नियमित आहे? आणि तू जे लिहिलं नाहीस असं काही चेहऱ्याला लावतेस का? केसांचं तेल, मेकअप, कोणी दिलेलं क्रीम?

चकाकी:

बाप रे, किती नेमकं. हो, कपाळावरच्या खाजतात, घाम आला की जास्तच. एकसारख्या, मोहरीएवढ्या. छातीवरही थोड्या आहेत. पाचेक महिने झाले असतील. हनुवटीचे फोड मात्र जुने आहेत, पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास येतात. पाळी नियमित.

क्रीम... हो. ऑफिसातल्या मैत्रिणीने डागांसाठी एक ट्यूब दिली होती. लिहिलं नाही कारण चेहऱ्याला सूट होणारी तेवढी एकच गोष्ट आहे. लावलं की चार दिवसांत चेहरा नितळ. बंद केलं की दुप्पट जोराने सगळं परत. म्हणून संपली की परत आणते.

पानगळ:

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यातलं काही?

चकाकी:

मोमेटासोन. शिवाय हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन.

पानगळ:

सापडलं बहुतेक. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. सूज आणि लाली पटकन दाबतं, म्हणून चार दिवसांत जादू वाटते. पण चेहऱ्यावर महिनोनमहिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, काहींना बारीक लव वाढते, आणि एकसारख्या पुटकुळ्यांचं स्वतंत्र पुरळ उठतं. बंद केल्यावर जो भडका उडतो त्यामुळे माणसाला वाटतं की क्रीमच आपल्याला वाचवत होतं. तू अगदी तेच लिहिलंयस. हे तीन घटकांचं मिश्रण वांगासाठी, थोड्या आठवड्यांपुरतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. मैत्रिणीचा हेतू चांगलाच असेल, पण ही ट्यूब एकमेकींना द्यायची वस्तू नाही.

दुसरी शक्यता म्हणजे खाज, एकसारखा आकार, कपाळ आणि छाती. याला मॅलॅसेझिया फॉलिक्युलायटिस म्हणतात. मुरुमासारखं दिसतं पण काम बुरशीचं. ही बुरशी प्रत्येकाच्या त्वचेवर असते, तेलावर जगते, आणि स्टेरॉइड किंवा प्रतिजैविकं चालू असली की तिला रान मोकळं मिळतं. मुरुमांची औषधं तिथे काम करत नाहीत. हे आणि स्टेरॉइडचं पुरळ फोटोवरून ओळखायला जाऊ नकोस, डॉक्टर थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

म्हणजे तुझ्या चेहऱ्यावर बहुधा दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि तू दोघांना एकाच काठीने हाकतेयस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि ट्यूब सोबत ने. भडका उडू नये म्हणून ती कशी सोडायची हे त्यांनाच ठरवू दे.

रिकामटेकडा:

अवांतर: मी आत्ता उठून आमच्या घरातल्या ट्यूबा बघून आलो. दोन निघाल्या.

उंबरठा:

पुरुषांनीही वाचावा असा धागा. दाढी करताना ज्यांना मानेवर पुळ्या येतात त्यातल्या बऱ्याच जणांना मुरुम नसतातच, केस आत वळलेला असतो. वस्ताऱ्याने खूप घासून दाढी करू नये, एवढं केलं तरी फरक पडतो.

पानगळ, एक शंका. मुरुमांवर लावायचं ते बेन्झॉइल पेरॉक्साइड १० टक्क्यांचं घेतलं तर लवकर गुण येईल ना?

पानगळ:

नाही. २.५ टक्केवालं जवळपास तेवढंच काम करतं, आग मात्र बरीच कमी. त्याचा मोठा फायदा म्हणजे जिवाणू त्याला सरावत नाहीत, म्हणून मुरुमांसाठी प्रतिजैविक लावायला दिलं तर त्याच्या जोडीला हे देतात. नुसतं प्रतिजैविक महिनोनमहिने लावत बसू नये.

बाटलीवरच्या 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) शब्दावरही फार विसंबू नका. अमुक घटक छिद्रं बुजवतो अशा ज्या याद्या फिरतात, त्यातल्या कित्येक आकड्यांचं मूळ सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांत आहे. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा कितीतरी हळवा असतो.

चकाकी:

अकरा आठवड्यांनी परत आलेय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

डॉक्टरांनी ट्यूब पाहिली आणि काहीच बोलल्या नाहीत, नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात समजलं. क्रीम टप्प्याटप्प्याने बंद केलं. मधले तीन आठवडे भयंकर होते, खोटं बोलणार नाही. चेहरा लाल, आग, रोज वाटायचं की एकदाच लावू. त्यात नातेवाईकांचं "अगं काय झालंय चेहऱ्याला" वेगळंच. तपासणीत बुरशी निघाली. त्याच्या गोळ्या आणि धुवायला कीटोकोनॅझोल दिलं. कपाळ महिन्याभरात सपाट झालं. पाचेक महिने ज्याला मुरुम समजून अ‍ॅसिड चोपडत होते, ते मुरुम नव्हतेच.

आग पूर्ण थांबल्यावर हनुवटीसाठी अडापलीन हे लावायचं औषध (०.१ टक्के) सुरू केलं, त्याला आता सहा आठवडे झाले. वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून एवढंच, रात्री, तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर, आधी एक दिवसाआड. आधी मी फक्त फोडावर टेकवत होते, त्यावर ओरडा बसला: हे फोड घालवायला नाही, नवीन येऊ नयेत म्हणून असतं. सुरुवातीला फोड थोडे वाढले, तेही होतं म्हणाल्या. गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर हे वापरायचं नाही, ते त्यांनी सगळ्यात आधी विचारलं. अशा वेळी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड देतात. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, फक्त हनुवटी आणि जबड्यावर.

मॉइश्चरायझर लावते, जेलवालं. चेहरा त्याने जास्त तेलकट झाला नाही, हे लिहिताना मला अजूनही चुकल्यासारखं वाटतं. सनस्क्रीन एसपीएफ ३०, कारण डाग उन्हाने गडद होतात, आणि ते न लावता डागांवर कशाचाही खर्च म्हणजे गळक्या बादलीत पाणी. डाग फिके होतायत, हळूहळू. खड्डा पडलेला असेल तर तो डाग नाही, व्रण आहे, तो क्रीमने जात नाही हेही कळलं. माझा एकच आहे, शाळेतला, नखाने फोडलेला.

तेल? आहे तेवढंच आहे. दुपारी टिपकागद लावते आणि पुढे जाते.

अर्धविराम:

हनुवटीचे फोड कसे आहेत?

चकाकी:

मागच्या महिन्यात पाचऐवजी दोन. डॉक्टर म्हणाल्या बारा आठवड्यांनी बघू, नाही आटोक्यात आले तर हार्मोनच्या बाजूने विचार करू. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचंही बोलल्या, पण त्या तैलग्रंथीच आक्रसवतात, ओठ पार फुटतात आणि त्या काळात गर्भधारणा अजिबात होऊ द्यायची नसते, त्यामुळे आत्ताच नको असं ठरलं.

एक राहिलंच. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर फिके पांढरे ठिपके पडलेत आणि टॉवेलवर पण. साबण बदलला तरी पडतात. कोणाला अनुभव?

पानगळ:

बेन्झॉइल पेरॉक्साइड. कापडाचा रंग उडवतं ते. पांढरे अभ्रे आण, निळा आता गेला.

रिकामटेकडा:

टूथपेस्टने हे होत नसे.