मीठ गरम पाण्यात जास्त विरघळत का नाही? माझं काय चुकतंय?

यावलचा पोऱ्या
बारावीला आहे, सोल्युशनचा चाप्टर चालू आहे. सर म्हणे तापमान वाढलं की सोल्युबिलिटी (म्हणजे किती विरघळतं ते) वाढते. म्हणून घरी दुकानाच्या काट्यावर मोजून करून पाहिलं, १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ कसंबसं विरघळलं, मग पाणी उकळायला आलं तेव्हा अजून १० ग्रॅम टाकलं तर बरंचसं खालीच बसलं. साखर मात्र टाकत गेलो तशी गायब. मीठ खराब आहे की सर चुकले?

केळीवाला रावेर
जोरात ढवळ ना भो, नीट ढवळलं नसशील.

प्रयोगवाली ताई
भाऊ, ढवळून फक्त लवकर विरघळतं, जास्त नाही. बारीक मीठ घेतलं तरी तेच. किती विरघळणार हे पदार्थ, द्रावक (ज्यात विरघळवतो ते, इथे पाणी) आणि तापमान ठरवतं. (वायू असेल तर दाबही, म्हणून सोड्याचं झाकण उघडलं की फसफसतं.)

आणि पोऱ्या, तुझा प्रयोग एकदम बरोबर आलाय. मिठाचा आकडा १०० ग्रॅम पाण्यात २० अंशाला साधारण ३६ ग्रॅम, १०० अंशाला ३९, म्हणजे उकळवून जेमतेम ३ ग्रॅम वाढ. साखर २० अंशालाच २०० च्या आसपास, १०० अंशाला ४८० च्या वर, म्हणून तर पाक होतो. सरांचं वाक्य बहुतेक घन पदार्थांना लागू आहे पण वाढ किती ते प्रत्येकाचं वेगळं, आणि चुन्याचं तर उलटंच, गरम पाण्यात कमी विरघळतो. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर खदखदतो ते मात्र विरघळणं नाही, ती रिअ‍ॅक्शन आहे, तिथे गल्लत करू नको.

केळीवाला रावेर
बरं चुकलो ताई 😄 पण मग हे सांगा, ड्रिपमधून सोडायला युरिया बादलीत कालवतो तर बादली बाहेरून घामेजते, हात घातला तर गारठा, अन् तेही मे महिन्यात. असं का?

प्रयोगवाली ताई
युरिया विरघळताना पाण्यातलीच उष्णता ओढून घेतो, म्हणून पाणी गार. असे पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, त्यामुळे उन्हात तापलेलं टाकीतलं पाणी घ्या, विहिरीतलं ताजं नको. गार पाण्यात गच्च कालवलं तर तळाशी दाणे राहतात आणि तेच फिल्टरला त्रास देतात.

यावलचा पोऱ्या
ताई एक गणित अडलंय, पोटॅशियम नायट्रेटची सोल्युबिलिटी ६० अंशाला ११०, २० अंशाला ३२. ५० ग्रॅम पाण्यात ६० अंशाचं संपृक्त द्रावण (ज्यात आणखी विरघळत नाही असं) २० पर्यंत थंड केलं तर स्फटिक किती? मी ७८ काढले, उत्तर ३९ आहे.

प्रयोगवाली ताई
आकडे १०० ग्रॅम पाण्याचे आहेत रे, तुझ्याकडे ५० च आहे. ५५ होते, १६ उरले, ३९ बाहेर. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, पाण्याचं वजन आधी बघायचं. आणि १०० ग्रॅम पाणी म्हणजे १०० ग्रॅम द्रावण नव्हे, हेही.

यावलचा पोऱ्या
बठ्ठं समजनं ताई 🙏 आता ते मिठाचं पाणी आईने कैरीच्या लोणच्यात वापरायला मागितलंय, देऊ का?

केळीवाला रावेर
दुकानाच्या काट्यावर आधी काय काय मोजलं होतं ते सांग, मग ठरवू.