आहे ते कधी दिसलं? तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे नळ फुसफुसला आणि आई चक्क नळाच्या पाया पडली. मला आमच्या कोल्हापुरातला २०१९ चा महापूर आठवला. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चहूकडं पाणी, पण उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळं प्यायला थेंब नाही. घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे. आमचं घर शाहूपुरीत. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर फ्रिज उताणा, गाद्या फुगलेल्या. आईनं चिखलात हात घालून पितळेचा डबा काढला, चिंचेनं घासला आणि संध्याकाळी त्यात शेजाऱ्यांनी दिलेलं पीठ भरलं. तो डबा आजही ओट्यावर आहे.

तुमच्याकडंही असं काहीतरी असेल, होतंच, पण एके दिवशी दिसलं. लहान-मोठं बघू नका, लिहा.

*

पुण्यातली नोकरी सोडून आलो, पगार निम्मा झाला. आता रात्री जेवण झालं की बाबांना घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो. म्हैस समोरच पिळतात. बाबांचा हात कापतो, म्हणून ग्लास दोन्ही हातांनी धरतात. मी खालून नुसता तळवा लावतो. मिशीला फेस लागतो, तो पुसतो. ह्या वेळेला पुण्यात मी अजून ऑफिसातच असायचो.

*

किरणोत्सवाला तासभर उभी होते. मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपर्यंत आली आणि मुखापर्यंत पोचायच्या आतच ढगात विरली. मी हळहळले. शेजारच्या आजी हात जोडून म्हणाल्या, "चरणं गावली की गं."

*

राग मानू नका, पण एक सांगते. नवरा गेला तेव्हा येणारा-जाणारा म्हणायचा, "दोन लेकरं हाईत की, त्यात समाधान मान." लय टोचायचं ते. समाधान मान म्हणून दुसऱ्यानं सांगू नये. वर्ष गेलं. एका रात्री भाकरी करताना धाकटी चुलीपाशी येऊन बसली. भाकरी टम्म झाली, तशी ती टाळ्या पिटत ओरडली, "आई, फुगली!" मी हसतीय हे मला तेव्हा कळलं. तोवर कुणाची घाई करू नका.

*

माझ्याकडं आजोबांची कापशी चप्पल आहे, कोल्हापुरीचाच एक प्रकार. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, खिळा एक नाही, शिवण चामड्याच्याच वादीची. गेल्या महिन्यात चपलेचा अंगठा तुटला. नवा जोड घ्यायला म्हणून सुभाषनगरला गेलो, जुनी पिशवीत होती. तिथल्या मावशींनी ती काढून तळ अंगठ्यानं दाबून बघितला. "टाकतोस कशाला? ह्यो तळ तुझ्या पोराला बी पुरंल." वादी बदलून दिली. घालून घरी आलो तर फरशीवर करकर वाजली, आणि आई हातातलं काम टाकून दारात बघायला आली.