"आपोआप शिकतात" म्हणणाऱ्यांसाठी (लांबलंय, वाचा नाहीतर सोडा)

वैतागलेला_बाबा: कालच्या पोस्टमध्ये एका ताईंनी लिहिलंय, ऑटिझमच्या मुलाला दात घासायला, कपडे घालायला शिकवायला थेरपिस्ट कशाला, आईबापाने मोबाइल बाजूला ठेवला की मूल आपोआप शिकतं. आपोआप?? आमच्याकडे ब्रश दिसला की किंचाळणं सुरू, एकाने हात धरायचे आणि दुसऱ्याने घासायचं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं शिकवणाऱ्या) मॅडमनी आधी ब्रश नुसता ओठाला टेकवायला लावला, मग पेस्टशिवाय, मग बिनवासाची पेस्ट. पँटचं तर उलटीकडून, गुडघ्यापर्यंत आम्ही चढवायची आणि शेवटचं वर ओढणं तेवढं त्याचं, ते जमलं की एक पायरी मागे. हे आम्हाला सात जन्मात सुचलं नसतं.

स्पष्टच_बोलते: ती ताई मीच. मोबाइल झोंबला वाटतं. माझा भाचा सेंटरमध्ये बटणांच्या बोर्डवर फटाफट बटणं लावतो, घरी अंगातल्या शर्टाचं एक लागत नाही. वर ते झोपाळे आणि अंगावर ब्रश फिरवणं! असल्या सेन्सरी थेरपीचा (स्पर्श, हालचाल अशा संवेदनांवरची) पुरावा अपुरा आहे असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने 2012 मध्येच सांगितलंय.

ओटी_आहे_मी: अर्धंच वाचलंत. बंद करा असं नाही म्हटलंय, पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा, फरक पडतोय का ते बघत राहा असं आहे. बोर्डचं मात्र खरंय. बोर्ड समोर असतो, शर्टाचं बटण वरून, मान खाली घालून बघावं लागतं, आणि या मुलांचं एका जागचं कौशल्य दुसरीकडे आपसूक जात नाही. म्हणून आम्ही घरचाच शर्ट आणायला सांगतो. सांगून कोण आणतं ते विचारू नका.

वेल्क्रोवाला: मी स्वतः ऑटिस्टिक, नोकरी करतो. लहानपण लेस बांधण्यात गेलं. रोज रडायचो. आज वेल्क्रोचे बूट घालतो, काही अडत नाही. शिकवायचं काय हे ठरवताना मुलाला कोणी विचारतं का?

स्पष्टच_बोलते: म्हणजे काही शिकवायचंच नाही? वर्गातली पोरं हसतात त्याचं काय?

वेल्क्रोवाला: मग थेरपी त्या पोरांना द्या. लोवास या मानसशास्त्रज्ञाच्या ऑटिस्टिक मुलांना वागणं शिकवण्याच्या थेरपीवरच्या 1987 च्या अभ्यासाचे गोडवे गातात सगळे, आठवड्याला 40 तास, 19 पैकी 9 मुलं "नॉर्मल". त्यात मुलांवर ओरडणं आणि मांडीवर चापटीही होती, ते कोणी सांगत नाही. इतरांसारखं दिसणं हेच ध्येय असलं की असं होतं.

वैतागलेला_बाबा: अहो पण माझा मुलगा बोलत नाही, त्याला कसं विचारू? तुम्ही टाइप करताय, नोकरी करताय, तुमचं वेगळं.

वेल्क्रोवाला: हे वाक्य दर धाग्यात येतंच. बोलत नाही म्हणजे सांगत नाही असं नसतं. किंचाळला तो ब्रशला, अजून काय सांगायचं होतं? आधी चित्रांची कार्डं द्या, "नको" चं कार्ड सगळ्यात आधी.

वैतागलेला_बाबा: "नको" दिलं तर दिवसभर तेच दाखवेल.

ओटी_आहे_मी: दाखवू दे की थोडे दिवस. बाकी वेल्क्रोबद्दल सहमत, लेसच्या मागे मीही लागत नाही.

स्पष्टच_बोलते: बरं बाई, वेल्क्रो तर वेल्क्रो, जिंकलात. आता पँटच्या चेनबद्दल कोणी बोलेल का? शाळेच्या बाथरूममध्ये खरी बोंब तिथे होते.

वेल्क्रोवाला: इलॅस्टिक.